काळा कोट एकच, पण आतला वकील कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुंठा-दोन गुंठ्यांच्या प्लॉटची ‘नोटरी खरेदी’ करून अडकलेल्या लोकांची बातमी आपल्या अंकात वाचली. बातमीत त्यांना ‘भोळे’ म्हटलंय. तो शब्द मला लागला. ती माणसं दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं खर्चून कोर्टात आली होती आणि काळा कोट घातलेल्या माणसासमोर त्यांनी सह्या केल्या होत्या. यापुढे आणखी काही करावं लागतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी हे खात्रीने लिहिते, कारण तसले काही कागद मीच टाइप केलेत.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात, कडुलिंबाखाली माझं टेबल आहे. १९९३ साली मराठी रेमिंग्टन घेऊन बसले, आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे. दावे, कैफियती, प्रतिज्ञापत्रं, साठेखतं, जामिनाचे अर्ज, सगळं या बोटांखालून गेलं. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. पण वकिलाकडे जायच्या आधी आणि वकिलाकडून आल्यावर माणूस माझ्या टेबलाशी थांबतो, आणि तेव्हा त्याच्या तोंडून जे निघतं ते मी बत्तीस वर्षं ऐकते आहे.

२००६ च्या उन्हाळ्यात एक जोडपं आलं. तो मार्केट यार्डात हमाल, ती द्राक्षबागेत विरळणीला जाणारी. शेतमालकाकडून एक गुंठा जागा पासष्ट हजाराला घेतली होती. शंभराच्या स्टॅम्पवर मी ‘कायम खूष खरेदीपत्र’ असं ठळक टाइप केलं, चतु:सीमा घातल्या, साक्षीदारांची नावं घातली. नोटरीसाहेबांनी रजिस्टरमध्ये सह्या घेतल्या, तिकीट लावलं, गोल शिक्का मारला. शाई ओली होती. ती वाळेपर्यंत त्या बाईने तो कागद दोन्ही तळहातांवर आडवा धरून ठेवला होता, ताटात काहीतरी घेऊन चालावं तसा.

२०२१ साली तोच कागद प्लास्टिकच्या पिशवीतून परत माझ्या टेबलावर आला. मालक वारला होता, त्याच्या मुलांनी सगळं शेत दुसऱ्याला रजिस्टर खरेदीने देऊन टाकलं होतं. सातबाऱ्यावर यांचं नाव कधी लागलंच नव्हतं. बाईने मला एकच विचारलं, “ते वकीलच होते ना हो? कोट घातलेले?”

होते ना, वकीलच होते. पण त्या टेबलावर ते वकील म्हणून बसलेच नव्हते, नोटरी म्हणून बसले होते. नोटरी नेमले जातात १९५२ च्या नोटरी कायद्याखाली, राज्य किंवा केंद्र सरकारकडून. साधारण दहा वर्षं वकिली झालेल्याला ही नेमणूक मिळते, महिला आणि मागासवर्गीयांना सात वर्षं पुरतात, आणि प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं. खरेदीच्या कागदावर त्यांचा शिक्का एवढंच सांगतो की अमुक माणसाने ओळख पटवून अमुक तारखेला माझ्यासमोर सही केली. व्यवहार खरा की खोटा, जागा विकता येते की नाही, याची हमी त्यात नसते. जागेची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय पुरी होत नाही, तो १९०८ चा नोंदणी कायदा. आणि बऱ्याच गुंठ्यांच्या बाबतीत तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे विकायला मनाई करणारा कायदा, आडवी येत होती म्हणूनच मुळात लोकांना नोटरीकडे वळवलं गेलं. लग्न आणि घटस्फोटाचंही तेच झालं. नोटरीने लग्न लावल्याचे किंवा मोडल्याचे कागद करू नयेत, असं केंद्राच्या विधी विभागाला २०२४ मध्ये पुन्हा बजावावं लागलं. तशा ‘काडीमोडा’च्या कागदावर विसंबून दुसरं लग्न केलेल्या दोन मुली मला ठाऊक आहेत. त्यांचं पुढे काय झालं, ते इथे लिहीत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. काळा कोट सगळ्यांचा सारखाच दिसतो, पण आतला वकील कोणासाठी बसलाय, त्याला काय करता येतं आणि तो चुकला तर जाब कोणाकडे मागायचा, हे वेगवेगळं असतं. ते माणसाला सही करण्याआधी मराठीत कळलं पाहिजे.

‘सरकारी वकील’ या शब्दाने तर फार घोळ केलाय. आपल्याकडे दोघंजण हा शब्द वापरतात, आणि दोघांच्या मनात वेगळा माणूस असतो. आरोपीच्या घरचे म्हणतात, “आमची ऐपत नाही, सरकारी वकील द्या.” त्यांना हवा असतो फुकट मिळणारा बचावाचा वकील. फिर्यादी म्हणतो, “माझा सरकारी वकील माझ्याशी बोलतच नाही.” त्याला वाटतं, तो आपला वकील आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चोरीच्या गुन्ह्यात पोरगा आत असलेली एक आई आली. कुणीतरी तिला सांगितलं, सरकारी वकिलाकडे जा. ती नेमकी सहायक सरकारी अभियोक्त्यांच्या टेबलाशी गेली आणि पोरगा त्या रात्री कुठे होता, कोणाबरोबर होता, हे सांगायलाच बसली. ते गृहस्थ भले. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. म्हणाले, “बाई, मी तुमच्या विरुद्ध बाजूचा वकील. मला एक अक्षर सांगू नका.” आणि शिपाई बरोबर देऊन तिला मोफत वकील देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीकडे पाठवलं. थांबवणारे ते नसते तर काय झालं असतं, याचा विचार आजही मनात येतो.

मॅजिस्ट्रेट कोर्टातले हे अभियोक्ते लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून आलेले, पगारी, अभियोग संचालनालयाच्या हाताखालचे. जिल्हा सरकारी वकील मात्र वकिली करणाऱ्यांतून मुदतीसाठी नेमलेले असतात. दोघंही सरकारच्या बाजूचे, फिर्यादीचे खाजगी वकील नव्हेत. आणि सरकारची बाजू म्हणजे कसंही करून शिक्षा लावणं नव्हे; आरोपीच्या बाजूचा पुरावा दडवू नये, हेसुद्धा त्यांच्याच कामात येतं. फिर्यादीला मदतीसाठी स्वतःचा वकील देता येतो. तो सरकारी वकिलाच्या सांगण्याप्रमाणे चालतो आणि कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ही सोय आहे. मार खाऊन आलेल्या किती बायकांना हे ठाऊक असतं?

फुकट वकील म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाचे. तो कायदा १९८७ चा. बाईमाणूस, मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, अपंग, कोठडीतला, अशांना उत्पन्न न बघता हा वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा. आता जिल्हा कोर्टांत ‘लोक अभिरक्षक’ कार्यालयं झाली आहेत. तिथले वकील फक्त आरोपींचा बचाव करतात, पूर्ण वेळ, आणि खाजगी केस घेत नाहीत. विधी सेवेच्या पॅनेलवरचे, म्हणजे यादीतले वकील मात्र स्वतःची प्रॅक्टिसही करतात. कुठल्याच विधी सेवा वकिलाने अशिलाकडून पैसे घ्यायचे नसतात. १५१०० या नंबरवर फोन केला तर माहिती मिळते. या कामातली एक तरुण मुलगी मला माहीत आहे. मार्चच्या उन्हात तुरुंगात जाऊन कैद्याच्या सह्या घेऊन येते आणि माझ्या टेबलाशी उभ्या-उभ्या पाणी पिऊन परत कोर्टात धावते. तिला मिळणारं मानधन मोठ्या वकिलाच्या एका तारखेइतकंही नसेल. पण मी पाहिलेल्या उत्तम जामीनअर्जांतले बरेचसे तिचे आहेत. ‘फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील’ असं म्हणणाऱ्यांनी ते वाचावेत.

आता माझं स्वतःचं. २००९ साली माझे यजमान मोटारसायकलवरून येताना ट्रकच्या धडकेत गेले. दोन मुलं, धाकटा सहा वर्षांचा. अपघाताच्या नुकसानभरपाईचे किती दावे मी इतरांसाठी टाइप केले होते! माझा दावा टाइप करताना वयाच्या रकान्याशी माझी बोटं थांबली ती बराच वेळ हलली नाहीत. वकील ओळखीचे होते. म्हणाले, “आत्ता काही देऊ नका, रक्कम आली की वीस टक्के.” मी मान हलवली. सगळेच असं करतात, हे मी रोज ऐकत होते. वकीलपत्रावर सही केली, आणखी दोन कोऱ्या कागदांवरही केली.

वर्षभराने एका जुन्या वकिलांनी मला सांगितलं की बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायचीच नसते, भरपाईच्या रकमेत वकिलाने हिस्सा ठरवायचा नसतो. नियम साफ आहे. मी आमच्या वकिलांना नम्रपणे म्हटलं, फी किती ती आकड्यात ठरवू, मी हप्त्याने देईन. ते रागावले. मी वकील बदलायचं ठरवलं तर म्हणाले, “माझी ना हरकत मिळणार नाही.” आणि माझे कागद अडले. शवविच्छेदनाचा अहवाल, पंचनाम्याची नक्कल, यजमानांचं लायसन्स, विम्याच्या पॉलिसीची प्रत. त्या लायसन्सवर त्यांचा फोटो होता, तेवढा तरी द्या म्हटलं. चौदा महिने मिळाला नाही.

शेवटी त्या जुन्या वकिलांनी एक पत्र माझ्याचकडून टाइप करून घेतलं. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या २००० सालच्या निकालाचा आधार होता. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या फायली वकिलाने थकलेल्या फीसाठी अडवल्या होत्या. न्यायालयाने सांगितलं की फी थकली तर वकिलाने वसुलीचा मार्ग धरावा, पण अशिलाचे कागद तारण म्हणून ठेवायचा हक्क त्याला नाही. मागितल्यावर कागद न देणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. आणि ना हरकत नसली तरी कोर्टाची परवानगी घेऊन वकील बदलता येतो, हेही त्या जुन्या वकिलांनीच सांगितलं. पत्र गेल्यावर चौथ्या दिवशी माझी पिशवी एका ज्युनियरच्या हाताने टेबलावर आली. सतरा वर्षं कोर्टाच्या दारात बसून मला हा हक्क ठाऊक नव्हता. मग डोंगरावरच्या वाडीतून सहा महिन्यांनी एकदा तारखेला येणाऱ्या म्हातारीला कुठून ठाऊक असणार?

मी तक्रार का केली नाही, असं कुणी विचारेल. करायची कुठे, ते तर बघा. वकिलाची सनद देणारी आणि काढून घेऊ शकणारी संस्था म्हणजे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल, दोन राज्यांची मिळून एक, कार्यालय मुंबईत. तिथे रीतसर सही-पडताळणीचा अर्ज द्यायचा, त्याची फी भरायची, मग कौन्सिलला प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर तो शिस्तपालन समितीकडे जायचा. समितीत तिघं, तिघंही वकील. १९६१ च्या अॅडव्होकेट्स कायद्यात समितीने एका वर्षात निकाल द्यावा असं आहे, नाहीतर प्रकरण दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. शिक्षा म्हणजे ताकीद, काही काळ सनद तहकूब, किंवा कायमची रद्द. त्यावर दिल्लीला अपील, मग सर्वोच्च न्यायालय. कागदावर हे सगळं चांगलं आहे. पण दोन लेकरं घरी ठेवून, महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मी किती तारखांना मुंबईला गेले असते?

दुसरं दारही आता राहिलेलं नाही. वकिलाच्या सेवेत उणीव असली तर ग्राहक मंचात जाता येईल, असं बरीच वर्षं बोललं जायचं. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते मिटवलं: वकिली हा धंदा किंवा व्यापार नव्हे, ती ग्राहक कायद्यात येत नाही. त्यामागचं कारण मला पटतं. वकील ग्राहकाला घाबरून काम करू लागला तर उद्या नावडत्या आरोपीची बाजू घ्यायला कुणी उभं राहणार नाही. पण मग जे एक दार उरलं ते तरी माणसाच्या पल्ल्यात हवं. कौन्सिलचा धाक चालतो, हेही खोटं नाही. मुंबईच्या फौजदारी कोर्टाच्या दारात अशिलांवर अक्षरशः झडप घालून केसेस ओढणाऱ्या वकिलांचं प्रकरण महाराष्ट्र बार कौन्सिलनेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवलं होतं, आणि १९७५ साली न्यायालयाने अशा वागण्यावर कडक शब्दांत कोरडे ओढले होते. तेव्हाची ती धमक तालुक्यापर्यंत यावी, एवढीच इच्छा.

आता कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे आमच्याकडची माणसं आणखी एका तऱ्हेच्या वकिलाला भेटू लागली आहेत, ते म्हणजे सीनियर कौन्सेल, ज्येष्ठ वकील. “दोन-दोन वकिलांची फी का?” म्हणून परवा एक शेतकरी माझ्याशी तावातावाने बोलत होता. त्याला सांगावं लागलं की सीनियर हा दर्जा उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय देतं, आणि त्यांना स्वतः वकीलपत्र दाखल करता येत नाही, अशिलाकडून थेट काम घेता येत नाही. कागदपत्रं करणारा दुसरा वकील लागतोच. फसवणूक नाही ती. पण हे त्याला त्याच्या वकिलाने आधी सांगायला हवं होतं, टायपिस्टने नव्हे.

एक गोष्ट वकील मंडळींच्या बाजूने. सनद द्यायला बार कौन्सिलं हजारो रुपये घेत होती. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या सातशे पन्नास रुपयांवर घेता येणार नाही, अनुसूचित जाती-जमातीसाठी एकशे पंचवीस. त्याआधी गावातल्या एका हुशार मुलीची सनद पैशाअभावी अडलेली मी पाहिली आहे. अशा घरांतली मुलं-मुली या व्यवसायात यायलाच हवीत, कारण अशिलाची भाषा त्यांना समजते.

आता मागणी. प्रत्येक कोर्टाच्या फाटकाशी मोठ्या मराठी अक्षरांत एक फलक लावावा. नोटरी काय करतात आणि काय करत नाहीत, सरकारी वकील कोणाचे, मोफत वकील कुठे बसतात, फी टक्क्यांत ठरत नाही, कागद अडवता येत नाहीत, तक्रार कुठे द्यायची. छापील वकीलपत्रात तडजोड करण्याचे आणि पैसे स्वीकारण्याचे अधिकार आपण देत असतो. सही घेण्याआधी तेवढ्या ओळी अशिलाला वाचून दाखवाव्यात, वकिलाचा सनद क्रमांक त्याला लिहून द्यावा आणि घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती द्यावी. अशिलाने मागितला तर हिशेब देणं नियमातच आहे. आणि बार कौन्सिलने तक्रार अर्ज जिल्हा कोर्टात स्वीकारायची सोय करावी, सुनावणीही जिल्ह्यात येऊन घ्यावी. आमच्या भागातल्या वकील संघटनांना हे नको असेल असं मला वाटत नाही. चांगल्या वकिलाला याचा त्रास नाही, आणि मी पाहिलेले बहुतेक वकील चांगले आहेत.

त्या जोडप्याच्या दाव्यात विधी सेवेतून वकील मिळाला आहे, तारखा चालू आहेत. खरेदीपत्र माझ्या टेबलावर टाइप झालंय, हे मी त्या वकिलांना पहिल्याच दिवशी सांगितलं आणि लागली तर साक्ष देईन म्हटलं. प्लॉटचं नोटरी खरेदीपत्र मी आता टाइप करत नाही. कुणी आलं तर आधी समोरच्या इमारतीत दुय्यम निबंधकाकडे जाऊन विचारून या म्हणते. तुकडेबंदीत सवलतीच्या बातम्या आल्यापासून विचारायला येणारे वाढले आहेत. गेल्या महिन्यात तिघं आले. दोघं निबंधकाकडे गेले. तिसरा पलीकडच्या टेबलावर गेला आणि अर्ध्या तासात शिक्का मारलेला कागद घेऊन माझ्यासमोरून निघून गेला.

आपली,
कोर्ट आवारातील एक टंकलेखिका, जि. सांगली
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत दिला आहे.)